वादळाचं नाव सगळ्यात शेवटी वाचा

जून २०२० ची २ तारीख. 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या रोखाने निघालं होतं आणि माझा फोन काही केल्या गप्प बसत नव्हता. ह्यूस्टनचा भाचा विचारत होता, "मामा, कॅटेगरी कितीची आहे?" बंदरावरच्या ओळखीच्या तांडेलाचा, म्हणजे होडीच्या प्रमुखाचा, सवाल, "भाऊ, वादळाचा बावटा चढवलाय. अजून कितीपर्यंत चढंल?" आणि पुण्याच्या मावशीला कळेना की असल्या संकटाला 'निसर्ग' हे गोड नाव ठेवलं कोणी.

तिघंही एकाच वादळाबद्दल बोलत होते, पण प्रत्येकाच्या हातात वेगळी मोजपट्टी होती. त्या दिवशी जमेल तशी तुटक उत्तरं दिली. नंतर दर मे-जूनला आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला तेच प्रश्न नव्याने आले, तेव्हा सांगायचा एक क्रम ठरून गेला. तोच इथे मांडतो. पदवी वगैरे लागत नाही. हवामान खात्याचं पत्रक समोर असावं आणि साधी गुणाकार-वजाबाकी यावी, एवढं पुरे.

पायरी १: आधी समुद्र कोणता ते बघा

हरिकेन, टायफून आणि सायक्लोन म्हणजे तीन निराळी वादळं असा समज फार पसरलेला आहे. जात एकच. समुद्राचं पाणी साधारण २६.५ अंश सेल्सिअसच्या वर तापलं, वर उठणाऱ्या वाफेचे ढग झाले, मध्ये दाब उतरला आणि भोवतीचा वारा गरगर फिरत आत ओढला जाऊ लागला की हे यंत्र सुरू होतं. ते अटलांटिकमध्ये किंवा पॅसिफिकच्या अमेरिकेकडच्या अंगाला झालं तर हरिकेन. जपान, फिलिपिन्स, चीनच्या बाजूला झालं तर टायफून. हिंदी महासागरात आणि दक्षिण पॅसिफिकमध्ये सायक्लोन, म्हणजे आपलं चक्रीवादळ.

यातला 'सायक्लोन' हा शब्द जन्माने कोलकात्याचा. हेन्री पिडिंग्टन नावाचा इंग्रज तिथल्या सागरी न्यायालयात होता. जहाजांच्या नोंदी चाळता चाळता त्याच्या लक्षात आलं की हा वारा सरळ वाहत नाही, वेटोळं घालतो. सापाच्या वेटोळ्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्याने १८४० च्या दशकात हे नाव घडवलं.

समुद्र ओळखायचा तो एवढ्यासाठी की प्रत्येक समुद्राचं दफ्तर वेगळं असतं. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर दिल्लीकडे, म्हणजे भारतीय हवामान विभागाच्या केंद्राकडे आहेत. ओमानवर जाणाऱ्या किंवा बांगलादेशात शिरणाऱ्या वादळाची वर्गवारी आणि नावही दिल्लीतूनच जाहीर होतं. अटलांटिकचं दफ्तर मायामीत, पश्चिम पॅसिफिकचं टोकियोत. तेव्हा अरबी समुद्रातल्या वादळाला कुणी 'कॅटेगरी तीन' म्हणत असेल, तर ती माहिती दिल्लीच्या पत्रकातली नाही हे लगेच ओळखावं. अमेरिकी नौदल आणि हवाई दलाचं एक संयुक्त केंद्र जगभरच्या वादळांवर नजर ठेवतं. परदेशी संकेतस्थळं आणि ॲप बहुधा त्याचे आकडे उचलतात. आकडे खोटे नसतात, पट्टी वेगळी असते. ती कशी, ते तिसऱ्या पायरीवर.

पायरी २: विशेषण सोडा, आकडा पकडा

आपल्याकडची उतरंड अशी. आकडे वाऱ्याच्या सलग वेगाचे, आधी नॉटमध्ये, मग साधारण ताशी किलोमीटरमध्ये:

- कमी दाबाचं क्षेत्र: १७ नॉटपेक्षा कमी (३१ किमीच्या आत)
- डिप्रेशन: १७ ते २७ (३१ ते ४९)
- डीप डिप्रेशन: २८ ते ३३ (५० ते ६१)
- चक्रीवादळ: ३४ ते ४७ (६२ ते ८८)
- तीव्र चक्रीवादळ: ४८ ते ६३ (८९ ते ११७)
- अति तीव्र चक्रीवादळ: ६४ ते ८९ (११८ ते १६६)
- अत्यंत तीव्र चक्रीवादळ: ९० ते ११९ (१६७ ते २२१)
- सुपर सायक्लोन, म्हणजे महाचक्रीवादळ: १२० आणि वर (२२२ आणि वर)

'अति तीव्र' आणि 'अत्यंत तीव्र' यांत फरक काय, असं कुणी विचारलं तर शब्दकोश हात वर करेल. इंग्रजी पदव्यांची मराठी करताना प्रत्येक वर्तमानपत्र आपापलं विशेषण लावतं, आणि एकाचं 'अति तीव्र' ते दुसऱ्याचं 'महातीव्र' होतं. म्हणून विशेषणावर कधीच थांबू नका. बातमीत ताशी किती किलोमीटर ते शोधा आणि वरच्या उतरंडीवर बसवून बघा. आकडाच दिलेला नसेल तर ती बातमी नाही, आरोळी आहे.

आणखी एक घोटाळा 'कमी दाबाचा पट्टा' या शब्दांचा. पट्टा लांबट असतो. पावसाळ्यात किनाऱ्याला समांतर असा एखादा पट्टा कित्येक दिवस नुसता पडून असतो आणि पाऊस देत राहतो. वादळाचं बीज ज्यात असतं ते 'क्षेत्र', गोल आणि बंद. पट्टा वाचून होड्या वर ओढायची घाई नको. क्षेत्र वाचलं तर दुसऱ्या दिवशीचं पत्रक चुकवू नये.

नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. तोंडी हिशेब हवा असेल तर दुप्पट करा आणि एक दशांश काढून टाका. ३४ चे ६८, त्यातून सात गेले, ६१. उत्तर किंचित कमी येतं, पण अंदाजाला चालतं.

'निसर्ग' या उतरंडीवर किती भराभर चढलं बघा. १ जूनला डिप्रेशन, २ जूनच्या पहाटे डीप डिप्रेशन, त्याच दुपारी चक्रीवादळ, ३ जूनला उजाडेपर्यंत तीव्र चक्रीवादळ, आणि त्याच दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर. रात्रीची बातमी ऐकून झोपणारा माणूस सकाळी एक पायरी मागे राहिलेला असतो. वादळाच्या दिवसांत कालचा आकडा शिळ्या भातासारखा, फोडणी देऊनही ताजा होत नाही.

आणि हे चढणं दिसतं त्याहून जड असतं. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० चा वारा कौलांवर जेवढा जोर लावतो, त्याच्या चौपट जोर १२० चा लावतो. उतरंडीवर एकच पायरी चढली म्हणून 'थोडंसं वाढलंय' असं म्हणण्यात अर्थ नाही.

जुन्या वादळांशी तुलना करताना एक सावधगिरी. ही उतरंड स्वतःच बदलत आली आहे. 'अत्यंत तीव्र' ही पायरी २०१५ मध्ये घातली गेली. त्यामुळे २०१३ चं 'फायलिन' ११५ नॉटचं असूनही कागदोपत्री 'अति तीव्र'च राहिलं. आज ते एक पायरी वर बसलं असतं.

पायरी ३: सरासरी किती मिनिटांची?

वारा एकसारखा वाहत नाही, झोके देतो. म्हणून काही मिनिटांची सरासरी काढावी लागते. भारतात ती ३ मिनिटांची, अमेरिकेत १ मिनिटाची, टोकियोत आणि जागतिक हवामान संघटनेच्या मापात १० मिनिटांची. क्रिकेटमध्ये एकाच षटकाची धावगती आणि अख्ख्या डावाची धावगती यांत जो फरक, तोच इथे. जितकी कमी मिनिटं, तितका आकडा फुगलेला. त्यामुळे एकाच वादळाला दिल्ली ११५ म्हणते आणि अमेरिकी केंद्र १३० म्हणतं, आणि दोघंही बरोबर असू शकतात. दोन पट्ट्यांवरचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून 'हवामान खातं लपवतंय' असे संदेश पाठवणाऱ्यांना एवढंच विचारावं, सरासरी किती मिनिटांची?

पत्रकात सरासरीपुढे आणखी एक आकडा असतो: 'ताशी ११० ते १२०, झोत १३० पर्यंत'. हा झोत म्हणजे क्षणाचा तडाखा. पत्रे उडतात ते बहुतेकदा झोताने, वर्गवारी ठरते ती सरासरीने.

मग भर समुद्रात, जिथे कुणी यंत्र घेऊन उभं नाही, तिथला वारा मोजतात कसा? बव्हंशी उपग्रहाच्या चित्रावरून. व्हर्नन ड्वोरॅक या अमेरिकी शास्त्रज्ञाने ढगांच्या आकारावरून वेग ओळखण्याची रीत बसवली. ढगांची वेटोळी किती घट्ट, मधला शांत डोळा उघडलाय का, माथा किती थंड, हे पाहून 'टी-क्रमांक' देतात. १.५ म्हणजे डिप्रेशन, २.५ म्हणजे चक्रीवादळ, ३.५ म्हणजे तीव्र, ६.५ आणि त्यापुढे महाचक्रीवादळ. इंग्रजी पत्रकात हा क्रमांक दिलेला असतो. सवय झाली की मी तोच आधी बघतो. अमेरिकेत यापुढे जाऊन वादळाच्या पोटात विमानं घालतात आणि आत यंत्रं सोडून प्रत्यक्ष वारा मोजतात.

पायरी ४: भाच्याची कॅटेगरी

अमेरिकेची पट्टी हर्बर्ट सॅफिर आणि रॉबर्ट सिम्पसन यांच्या नावाने ओळखली जाते. सॅफिर इमारतींचा अभियंता, सिम्पसन तिथल्या हरिकेन केंद्राचे संचालक. वाऱ्याने घराचं काय होतं, या प्रश्नातून ती निघाली. १ मिनिटाची सरासरी धरून ताशी ६३ किलोमीटरला 'ट्रॉपिकल स्टॉर्म' होतं आणि नाव मिळतं. ११९ ला हरिकेन, कॅटेगरी एक. पुढे १५४ ला दोन, १७८ ला तीन, २०९ ला चार आणि २५२ ला पाच. सहावी नाही. तीन आणि त्यापुढच्यांना ते 'मोठी हरिकेन' म्हणतात.

म्हणजे त्यांची कॅटेगरी एक साधारण आपल्या 'अति तीव्र'पासून सुरू होते. भाच्याला मी सांगितलं, "तुमच्या पट्टीवर एकच्या उंबरठ्यावर आहे." तो लगेच सुटकेचा श्वास टाकून म्हणाला, "वन? मग एवढं काही नाही, मामा."

तिथेच मी चुकलो. आकडा दिला, अर्थ दिला नाही. त्या 'उंबरठ्यावरच्या एक'ने श्रीवर्धन, दिवेआगर, मंडणगड, दापोली या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या आणि आंब्याच्या बागा आडव्या केल्या. पोफळ लावल्यापासून हाताशी सुपारी यायला पाच-सात वर्षं जातात, आंब्याचं जुनं झाड तर आजोबांच्या हातचं असतं. कॅटेगरी हे काही मोजत नाही. ती मोजते फक्त वारा, तोही केंद्राजवळच्या सगळ्यात जोरकस भागातला. पाऊस नाही, समुद्राचं आत शिरणं नाही, वादळाचा घेरही नाही. पूर्वी या पट्टीत लाटांच्या उंचीचेही आकडे जोडलेले असत. लोक फसतात हे लक्षात आल्यावर २०१० मध्ये ते काढून टाकले.

उदाहरणं अमेरिकेतलीच घ्या. २००५ ची 'कॅटरिना' लुइझियानाच्या किनाऱ्यावर आली तेव्हा कॅटेगरी तीन होती, पाच नव्हे. तरी मिसिसिपीच्या किनाऱ्यावर पाणी आठ मीटरहून वर चढलं. २०१७ ची 'हार्वी' किनाऱ्याला लागली तेव्हा चार होती, पण भाच्याचं ह्यूस्टन बुडालं ते ती उतरून नुसती ट्रॉपिकल स्टॉर्म झाल्यावर. जागची हलेना आणि कोसळत राहिली. टेक्सासात काही ठिकाणी १५०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. भाचा तेव्हा तिथेच होता. त्याला ही आठवण करून दिली तेव्हा फोनवर थोडा वेळ काही बोलला नाही.

आपल्या शेजारचं ताजं उदाहरण नोव्हेंबर २०२५ चं. 'दितवा' हे उतरंडीवर साधं 'चक्रीवादळ', 'तीव्र'सुद्धा नाही. श्रीलंकेत त्याने आणलेल्या पुरात आणि दरडींखाली शेकडो माणसं गेली.

पायरी ५: आता नाव, मावशीसाठी

नाव कधी मिळतं? आपल्या समुद्रांत ३४ नॉटला, म्हणजे डीप डिप्रेशनचं चक्रीवादळ होताच. त्याआधी त्याला फक्त समुद्र आणि क्रमांक असतो. वादळ व्हायच्या आधीच 'अमुक नावाचं वादळ येतंय' अशी बातमी फिरते ती यादीत पुढचं नाव कोणतं ते बघून. ते डिप्रेशनवरच विरलं तर नाव तसंच राहतं आणि पुढच्याला जातं.

नाव ठेवायची गरज का पडली, हे बंदरावरच्या माणसाला सांगावं लागत नाही. एकाच वेळी अरबी समुद्रात एक आणि उपसागरात दुसरं असलं की वायरलेसवर अक्षांश-रेखांश वाचून गोंधळ होतो. ऑस्ट्रेलियातला क्लेमेंट रॅग हा हवामानतज्ज्ञ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वादळांना नावं ठेवायचा, त्यात त्याचे नावडते राजकारणीही असत. असले लाड पुढे नियमात बसले नाहीत. अमेरिकेने १९५३ पासून बायकांची नावं घेतली. वादळ म्हणजे बाईच का, हा रास्त सवाल उठल्यावर १९७९ पासून अटलांटिकच्या यादीत पुरुषांचीही आली.

आपल्याकडे मात्र वादळं बराच काळ बिननावाचीच होती. १९९९ मध्ये ओडिशावर आलेलं महाचक्रीवादळ, ज्यात सुमारे दहा हजार माणसं गेली, त्याला नाव नाही. २००० मध्ये मस्कतच्या बैठकीत नावं ठेवायचं तत्त्वतः ठरलं आणि सप्टेंबर २००४ पासून सुरू झालं. पहिलं नाव 'ओनिल', बांगलादेशाने दिलेलं. तेव्हा आठ देश होते: बांगलादेश, भारत, मालदीव, म्यानमार, ओमान, पाकिस्तान, श्रीलंका, थायलंड. प्रत्येकाची आठ, अशी ६४ नावं. त्यातलं शेवटचं, थायलंडचं 'अम्फान', मे २०२० मध्ये खर्ची पडलं.

मधल्या काळात इराण, कतार, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि येमेन या मंडळात आले. एप्रिल २०२० मध्ये तेरा देशांची प्रत्येकी तेरा, अशी १६९ नावांची नवी यादी आली. देश इंग्रजी आद्याक्षरांच्या क्रमाने एकाखाली एक मांडायचे आणि एक रकाना वरून खाली वाचत जायचा. संपला की शेजारचा रकाना. नव्या यादीचं पहिलं नाव अर्थातच पहिल्या देशाचं, बांगलादेशाचं: 'निसर्ग'. तर मावशी, ते नाव ना मुंबईने ठेवलं ना दिल्लीने. बंगालीतही तो शब्द आपल्यासारखाच आहे आणि पाळी आली म्हणून तो आपल्या वाट्याला आला. वादळाचा स्वभाव पाहून कुणी नाव निवडत नाही. पाकिस्तानचं 'गुलाब', ओमानचं 'यास', म्यानमारचं 'ताउते', सगळं असं रांगेने.

त्या 'ताउते'चे हाल आठवतात? म्यानमारकडच्या एका पालीचं नाव. रोमन लिपीत मध्ये एक 'क' दिसतो, पण तो उच्चारायचा नाही, असं यादीतच लिहिलेलं आहे. आपल्या वाहिन्यांनी ते 'तौक्ते' केलं आणि तेच रूढ झालं. २०११ च्या डिसेंबरात पुदुच्चेरीकडे गेलेल्या आणखी एका वादळाचं रोमन स्पेलिंग हुबेहूब आपल्या ठाण्यासारखं होतं. तेही म्यानमारचंच, ठाणेकरांचा काडीचा संबंध नाही.

नाव सुचवायचेही नियम आहेत. आठ रोमन अक्षरांच्या आत, उच्चाराला सोपं, कुणाच्या धर्माला, राजकारणाला, संस्कृतीला किंवा स्त्री-पुरुषपणाला चिकटलेलं नको, कुणाला लागेल असं नको. हे शहाणपण ठेच लागून आलेलं असावं. २०१३ मध्ये श्रीलंकेच्या यादीतलं 'महासेन' वापरलं गेलं आणि श्रीलंकेतच ओरड झाली, कारण महासेन हा तिथला आदराने आठवला जाणारा राजा. वादळाचं नाव बदलून 'वियारू' करावं लागलं. भारताच्या नव्या यादीत गती, तेज, मुरासू, आग, व्योम, झार, प्रोबाहो, नीर, प्रभंजन, घूर्णी, अंबुद, जलधी, वेग ही नावं आहेत. पहिली दोन वापरून झाली. 'प्रभंजन' येईल तेव्हा मराठी वृत्तनिवेदकांना जीभ तरी वळवावी लागणार नाही.

आपल्या यादीतलं नाव एकदा वापरलं की संपलं, पुन्हा येत नाही. अटलांटिकचं तसं नाही. तिथे सहा याद्या आलटून पालटून फिरतात, म्हणजे सहा वर्षांनी तेच नाव परत. फार नुकसान करणाऱ्याचं नाव तेवढं निवृत्त करतात. कॅटरिना, हार्वी, सँडी ही आता परत येणार नाहीत. शिवाय त्यांची यादी वर्णानुक्रमाने चालते आणि दर वर्षी पहिल्या अक्षरापासून सुरू होते. याचा एक व्यवहारी उपयोग आहे: आद्याक्षरावरून त्या मोसमातलं कितवं वादळ ते कळतं. २०२५ मध्ये जमैकावर गेलेली 'मेलिसा' तेरावी, कारण 'एम' हे तेरावं अक्षर. क्यू, यू, एक्स, वाय, झेड वगळल्यामुळे एका वर्षाला २१ नावं मिळतात. २००५ आणि २०२० मध्ये तीही संपली आणि अल्फा, बीटा अशी ग्रीक अक्षरं काढावी लागली. त्यात झीटा, ईटा, थीटा असे सारख्या कानाचे शब्द एकामागोमाग आल्याने लोक गोंधळले. २०२१ मध्ये ती प्रथा बंद करून जादा नावांची वेगळी यादी केली.

अमेरिकी आद्याक्षराची ही युक्ती आपल्या वादळांना लावायला जाऊ नका. आपल्या यादीला वर्णक्रम नाही आणि जानेवारीत ती पुन्हा पहिल्यापासूनही सुरू होत नाही.

फिलिपिन्सची मात्र गंमत आहे. टोकियोने दिलेलं नाव असतानाही तो देश आपलं वेगळं नाव ठेवतो. २०१३ चं 'हैयान' तिथे 'योलांदा' म्हणून ओळखलं जातं. तिथे कुणी मराठी माणूस नोकरीला असेल तर त्याने दोन्ही नावं टिपून ठेवावीत.

पायरी ६: नकाशात स्वतःला शोधा

पत्रकासोबतच्या नकाशात एक रेघ असते आणि तिच्याभोवती पुढे रुंद होत जाणारा सुळका. सुळका म्हणजे वादळाचा आकार नव्हे. वादळाचं केंद्र पुढे कुठे कुठे असू शकेल, त्या अंदाजातली ढिलाई म्हणजे तो सुळका. आपलं गाव त्याच्या बाहेर आहे म्हणून कौलं बांधायची सोडू नयेत, कारण वारा-पाऊस केंद्रापासून शेकडो किलोमीटर पसरलेला असतो.

मग उजवा हात बघा. उत्तर गोलार्धात हे चाक घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं. वादळ ज्या दिशेने सरकतंय तिकडे तोंड करून उभे राहिलात, तर उजव्या हाताला फिरणाऱ्या वाऱ्यात पुढे सरकण्याचा वेगही मिसळतो. डाव्या हाताला तो वजा होतो. 'निसर्ग' ईशान्येकडे सरकत रायगडात आलं, म्हणजे त्याचा उजवा हात दक्षिणेला, श्रीवर्धन-मंडणगड-दापोलीकडे. डावा हात मुंबईकडे. मुंबईत 'वादळ चुकलं' म्हणत होते तेव्हा मंडणगडात छपरं शोधत होते. २०२१ चं 'तौक्ते' तर कोकणाला न धडकता समांतर उत्तरेला गेलं आणि दीवजवळ गुजरातेत शिरलं. पण जाताना सगळं कोकण त्याच्या उजव्या हाताला होतं. बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या बाजूला पी-३०५ हा कामगारांच्या राहण्याचा तराफा त्याच वादळात बुडाला.

पाण्यासाठी पंचांग काढा. वादळ पाणी किनाऱ्यावर ढकलतं, आणि त्याच वेळी उधाणाची भरती असेल तर दोन्हींची बेरीज होते. 'निसर्ग' वटपौर्णिमेच्या दोन दिवस आधी आलं. पत्रकात लाटांची उंची 'भरतीच्या पातळीच्या वर' अशी दिलेली असते. वर किती तेवढंच ते सांगतं, मूळ भरती किती ते तुम्ही बघायचं. कोळीवाड्यात हे शिकवावं लागत नाही, समुद्राकाठी नव्याने बंगला बांधलेल्यांना लागतं.

डोळा डोक्यावरून गेला तर वारा एकदम पडतो, कधी आभाळही उघडतं. तेव्हा बाहेर पडू नये. थोड्या वेळाने तोच वारा उलट दिशेने येतो आणि अर्धवट मोडलेली झाडं दुसऱ्या अंगाला पाडतो.

पायरी ७: रंग आणि बावटे

हवामान विभागाचे चक्रीवादळाचे इशारे चार टप्प्यांत येतात. साधारण ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी पिवळा, २४ तास आधी नारिंगी, आणि १२ तास आधी लाल. लाल पत्रकात किनारा ओलांडल्यानंतर आतल्या जिल्ह्यांत काय होईल तेही असतं. जिल्हावार पावसाच्या इशाऱ्यांनाही हेच रंग वापरतात, त्यामुळे 'ऑरेंज अलर्ट' ऐकलं की कशाचा, वादळाचा की पावसाचा, हे विचारून घ्या.

बंदरावरचे बावटे ११ आहेत. १ आणि २ म्हणजे बिघाड दूर समुद्रात आहे. ३ आणि ४ म्हणजे खुद्द बंदराला वादळी हवेचा इशारा. ५ ते ७ धोका, ८ ते १० महाधोका. या दोन्ही गटांत तीन-तीन क्रमांक का, तर बंदर वादळाच्या वाटेच्या डावीकडे राहणार, उजवीकडे, की थेट वाटेत. मागच्या पायरीवरचा उजवा-डावा हात बावट्यातही आहे तो असा. ११ म्हणजे हवामान कार्यालयाशी संपर्क तुटला. छोट्या बंदरांत मात्र पाचच वापरतात: ३, ४, ७, १० आणि ११. म्हणून तांडेलाला मी सांगितलं, चारनंतर पाचची वाट बघू नकोस, वाढला तर थेट सातच दिसेल. त्याने 'मग चारलाच ओढतो वर' म्हणून फोन ठेवला.

पायरी ८: 'वादळ कमकुवत झालं' ही बातमीही वाचा

सगळ्यात कमी वाचली जाणारी बातमी हीच. सप्टेंबर २०२१ मध्ये 'गुलाब' आंध्रच्या किनाऱ्यावर आलं, जमिनीवर उतरंड उतरत गेलं आणि वाहिन्यांनी विषय बदलला. उरलेला कमी दाब तसाच पश्चिमेला सरकत महाराष्ट्रात आला आणि २७-२८ सप्टेंबरला मराठवाड्यात नद्या पात्राबाहेर गेल्या, काढणीला आलेलं सोयाबीन शेतातच पाण्याखाली गेलं. किनारा शेकडो किलोमीटर दूर, वादळाचं नाव कधीच मिटलेलं, आणि पाणी दारात.

तो कमी दाब तिथेही संपला नाही. अरबी समुद्रात उतरला, कोमट पाण्यावर पुन्हा भरला आणि नव्याने ३४ नॉट ओलांडता झाला. वादळपण टिकवून समुद्र बदलला असता तर जुनं नाव राहिलं असतं, जसं थायलंडच्या आखातातून अंदमानच्या समुद्रात आलेल्या 'पाबुक'चं २०१९ मध्ये राहिलं. पण 'गुलाब' मध्ये पुरतं विरलं होतं, म्हणून रांगेतलं पुढचं, कतारचं नाव लागलं. ऑक्टोबरच्या ३ तारखेला ओमानच्या किनाऱ्यावर जे चढलं ते 'शाहीन'.